बोनसमधलं वजन कुठून येतं? श्रीकांत दातार यांच्या संशोधनाबद्दल

प्रश्न असा आला आहे: “मी एम.कॉम. करते आहे, जोडीला सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) इंटर. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन श्रीकांत दातार हे मुळात अकाउंटिंगचे प्राध्यापक आणि व्यवस्थापकांच्या इन्सेंटिव्हवर त्यांचं काम आहे, एवढंच कळलं. ते काम नेमकं काय आहे? कारखान्यात त्याचा उपयोग होतो का? आणि या विषयावर प्रकल्प करायचा तर सुरुवात कुठून करू?”

मी कॉस्ट अकाउंटंट आहे. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत आयुष्य गेलं. बोनसच्या योजना आखणं आणि मार्च संपल्यावर त्यांचे वाद निस्तरणं, दोन्ही केलं आहे. त्यामुळे उत्तर त्या बाजूने देतो.

मुख्य गोष्ट आधी सांगतो, कारण ती पहिल्यांदा ऐकताना पटत नाही. एखादा आकडा कंपनीसाठी किती महत्त्वाचा आहे, यावरून बोनसमधलं त्याचं वजन ठरू नये. त्या माणसाच्या मेहनतीने तो आकडा किती हलतो आणि त्यात नशिबाचा भाग किती, यावरून ते ठरावं. राजीव बँकर आणि श्रीकांत दातार यांनी १९८९ मध्ये ‘जर्नल ऑफ अकाउंटिंग रिसर्च’मध्ये हे गणिताने मांडलं. आज कुठल्याही कंपनीचं केआरएचं (कुणाच्या कामात काय मोजायचं, त्या यादीचं) पान उघडा, महत्त्व पाहून वजनं दिलेली दिसतील: नफा ४०, विक्री ३०, गुणवत्ता २०, सुरक्षा १०. हा निबंध येऊन तीन दशकं उलटली तरी.

दातार मुंबईचे. मुंबई विद्यापीठातून गणित आणि अर्थशास्त्रात पदवी, सीए, आयआयएम अहमदाबादचं सुवर्णपदक, आणि आयसीडब्ल्यूएआय या आपल्या कॉस्ट अकाउंटंटांच्या संस्थेचंही (आताची आयसीएमएआय) सुवर्णपदक. पुढे स्टॅनफर्डला संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र अशा दोन मास्टर्स पदव्या आणि १९८५ मध्ये पीएच.डी. १९८४ ते १९८९ कार्नेगी मेलन, १९८९ ते १९९६ स्टॅनफर्ड, १९९६ पासून हार्वर्ड. १ जानेवारी २०२१ ला ते हार्वर्ड बिझनेस स्कूलचे अकरावे डीन झाले आणि त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली. यातली संख्याशास्त्राची पदवी लक्षात ठेवा. त्यांचे सुरुवातीचे निबंध अकाउंटिंगच्या नियतकालिकात छापलेले असले तरी वाचताना संख्याशास्त्राचे वाटतात.

काळही तसाच होता. स्टॅनफर्डमध्ये तेव्हा जोएल डेम्स्की होते. त्यांनी आणि जेराल्ड फेल्थम यांनी १९७८ मध्ये बजेट-नियंत्रणाकडे मालक आणि व्यवस्थापक यांच्यातला करार म्हणून पाहिलं होतं. हिशेब म्हणजे घडून गेलेल्याची नोंद, ही समजूत बाजूला ठेवून ही मंडळी विचारत होती की उद्या हा आकडा मोजला जाणार आहे हे माहीत असेल, तर माणूस आज कसा वागेल? जमाखर्चाच्या शाळेत वाढलेल्या आमच्या पिढीला हा प्रश्न उशिरा भेटला.

बँकर-दातार समजायला गावाकडचं उदाहरण पुरतं. तुम्ही पुण्यात, जमीन गावाला, ती वाट्याने दिली. वाटेकऱ्याने निंदणी-खुरपणी वेळेवर केली की नाही हे तुम्हाला दिसत नाही, फक्त सुगीनंतरची पोती दिसतात. पोती कमी आली तर दोष पावसाचा की आळसाचा? सगळं उत्पन्न अर्धं-अर्धं केलं तर त्याच्या मेहनतीचं निम्मं फळ तुम्हाला जातं, म्हणून तो हात राखतो. ठरावीक खंडाने दिली तर तो राबतो, पण पाऊस बुडाला की तोही बुडतो, आणि ही जोखीम घ्यायची म्हणून खंड कमी करून मागतो. मालक-व्यवस्थापक करारांच्या सिद्धांतात खर्च म्हणतात तो हाच. माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टीवर त्याचा पैसा लटकवला, तर त्या धास्तीची किंमत शेवटी मालकच भरतो. कारखान्यात ही किंमत जास्त फिक्स पगार मागण्यात किंवा चांगला माणूस सोडून जाण्यात दिसते.

१९७९ मध्ये बेंग्ट होल्मस्ट्रॉम यांनी दाखवलं की मेहनतीबद्दल थोडीही जादा माहिती देणारा कुठलाही आकडा करारात उपयोगी असतो. (२०१६ मध्ये त्यांना ऑलिव्हर हार्ट यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) पण उपयोगी म्हणजे किती? दोन आकडे हाताशी असतील तर कुठल्याला किती वजन? बँकर आणि दातार यांचं उत्तर असं: प्रत्येक आकड्याचं वजन त्याची संवेदनशीलता गुणिले त्याचा नेमकेपणा, या प्रमाणात. संवेदनशीलता म्हणजे मेहनत एक पायरी वाढवली तर तो आकडा सरासरी किती हलतो. नेमकेपणा म्हणजे १ भागिले त्या आकड्याचा व्हेरियन्स, म्हणजे तो किती हेलकावतो याचं माप. हा संख्याशास्त्रातला व्हेरियन्स आहे. कॉस्टिंगमधला तफावतीचा व्हेरियन्स वेगळा, परीक्षेत गोंधळ करू नका.

काल्पनिक आकडे घेऊ. प्लांट हेडने एक पायरी जास्त मेहनत घेतली की रिजेक्शनमधली (सदोष म्हणून बाद होणाऱ्या मालातली) बचत सरासरी १ लाखाने वाढते आणि तिचं प्रमाण विचलन (स्टँडर्ड डेव्हिएशन) २ लाख. रिजेक्शन वगळून उरलेला नफा त्याच मेहनतीने सरासरी ४ लाखांनी वाढतो, पण त्याचं प्रमाण विचलन १० लाख, कारण पोलादाचा भाव आणि ग्राहकाचं शेड्यूल त्यात घुसलेलं आहे. या दोन आकड्यांचा परस्परांशी संबंध नाही असं धरा. व्हेरियन्स म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, म्हणून नफ्याचं उत्तर ४ भागिले १००, म्हणजे ०.०४. रिजेक्शनचं १ भागिले ४, म्हणजे ०.२५. म्हणजे रिजेक्शनमध्ये वाचवलेल्या एका रुपयाला उरलेल्या नफ्यातल्या एका रुपयापेक्षा सहापटींहून जास्त वजन द्यायचं. मालकाच्या तिजोरीत दोन्ही रुपये सारखेच. बोनसच्या सूत्रात मात्र ते सारखे नाहीत, कारण एक रुपया मेहनतीबद्दल स्पष्ट बोलतो आणि दुसरा पोलादाच्या बाजाराबद्दल.

या निष्कर्षाची आणखी एक बाजू मला फार कामाची वाटते. माणूस जोखमीला किती घाबरतो यावरून आकड्यांमधलं वजनाचं गुणोत्तर बदलत नाही. एकूण बोनस किती तीव्र ठेवायचा हे बदलतं. म्हणजे प्रत्येक मॅनेजरचा स्वभाव तपासत बसायला नको, मागच्या काही वर्षांचे आकडे तपासले तरी गुणोत्तर काढता येतं.

आकडे एकमेकांशी जोडलेले असतील तर गंमत वाढते. शेजाऱ्याच्या शेतातल्या पोत्यांवर तुमच्या वाटेकऱ्याचा काडीचा परिणाम नाही. पण पाऊस दोघांवर सारखाच पडतो. म्हणून त्या पोत्यांना करारात वजन येतं, तेही उणे: शेजाऱ्याचं पीक जोरात आलं आणि तुमचं बेताचं, तर वाटेकऱ्याचा हिस्सा कमी. कंपनीत याचंच रूप म्हणजे सगळ्या उद्योगाच्या चढउताराशी ताडून पाहिलेली कामगिरी. शेअर बाजार वर गेला म्हणून आपल्या सीईओने ईसॉपवर (कंपनीने दिलेल्या शेअर-हक्कांवर) कमाई केली, तर तो बोनस नेमका कशाचा, हा प्रश्न इथून येतो. हे गणित कागदावर पटतं आणि संचालक मंडळात कुणालाच नको असतं. चांगल्या वर्षी स्वतःच्या यशातून बाजाराचा हिस्सा वजा करा असं म्हणणारा सीईओ मी पाहिलेला नाही. वाईट वर्षी मात्र तीच मागणी वरून येते.

प्रत्यक्षात असं झालंय का? रिचर्ड लॅम्बर्ट आणि डेव्हिड लार्कर यांनी १९८७ मध्ये अमेरिकी कंपन्यांच्या वरिष्ठांचे पगार तपासले. शेअरच्या परताव्यात हेलकावे जास्त आणि हिशेबी नफ्यात कमी, अशा ठिकाणी पगार नफ्याशी तुलनेने जास्त बांधलेला दिसला. म्हणजे पगार ठरवणाऱ्यांनी सूत्र न वाचताही काही अंशी तसंच केलं होतं.

कारखान्यात उपयोग काय, या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. माझं मत असं की आपण कॉस्टिंगमध्ये शिकतो त्यातलं अर्धंअधिक या सूत्राच्या सेवेत असतं, फक्त तसं कुणी शिकवत नाही. फ्लेक्सिबल बजेट काय करतं? प्रत्यक्ष उत्पादनाच्या पातळीवर बजेट पुन्हा मांडतं, म्हणजे ग्राहकाने शेड्यूल कापल्याचा परिणाम आकड्यातून बाहेर काढतं. स्टँडर्ड दराने मटेरियल लावलं की भावाचा परिणाम खरेदी विभागाकडे जातो आणि शॉपफ्लोअरकडे फक्त वापराची तफावत उरते. प्रत्येक पायरीला आकड्यातलं नशीब कमी होतं, नेमकेपणा वाढतो आणि त्या आकड्यावर जास्त बोनस लटकवता येतो. दातारांच्या विषयाची आणि आपल्या रोजच्या कामाची गाठ इथे आहे. ‘व्हेरियन्स रिपोर्ट कोण वाचतं?’ असं एखाद्या प्लांटमध्ये कुणी म्हणालं, तर तिथला बोनस कशावर आहे ते विचारा. बहुतेक वेळा तो कच्च्या ईबिटडावर (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीच्या नफ्यावर) असतो.

एका कारखान्यात मी हेच पाहिलं. प्लांट हेडचा सगळा व्हेरिएबल पे (कामगिरीनुसार बदलणारा पगार) ईबिटडावर होता. ज्या वर्षी पोलाद उतरलं त्या वर्षी त्याने विशेष काही न करता पूर्ण बोनस उचलला. पुढच्या वर्षी भाव चढले. ग्राहकाकडून दरवाढ मिळायला नेहमीप्रमाणे उशीर झाला. त्याने सेटअपचा वेळ खरोखर कमी केला होता, रिजेक्शन खाली आणलं होतं, आणि हातात शून्य. तो गेला. योजनेत बदल नंतर झाला.

संवेदनशीलता मोजायला सूत्र वापरायची गरज नसते. मी बैठकीत एकच विचारतो: हा माणूस तीन महिने रजेवर गेला आणि जागेवर कुणी नसलं, तर हा आकडा किती बिघडेल? ‘फारसा नाही’ असं उत्तर आलं तर तो आकडा कितीही महत्त्वाचा असो, त्याच्या बोनसमध्ये त्याला मोठी जागा नको. नेमकेपणासाठी दोन-तीन वर्षांचे महिनावार आकडे घ्या, भाव आणि संख्या यांचा परिणाम काढा आणि उरलेलं हेलकावतं किती ते एक्सेलमध्ये बघा. एवढ्याने ४०-३०-२०-१० ची वजनं हलायला लागतात.

मात्र इथेच थांबलात तर नुकसान कराल. १९८९ च्या मांडणीत व्यवस्थापक एकाच प्रकारची मेहनत करतो. वरच्या उदाहरणात रिजेक्शनला सहापट वजन मिळालं. उद्या प्लांट हेडला कळलं की मशीनची देखभाल, नव्या भागाचं डेव्हलपमेंट, पोरांना शिकवणं यांना बोनस नाही आणि रिजेक्शनला सहापट आहे, तर तो दिवसभर रिजेक्शनच्या मागे लागेल. कदाचित सीमारेषेवरचा माल ‘पास’ करूनही रिजेक्शन उतरवेल. होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम यांनी १९९१ मध्ये नेमका हा अनेक कामांचा प्रश्न घेतला. फेल्थम आणि जिम शी यांनी १९९४ मध्ये हिशेबी मोजमापांच्या संदर्भात मांडला. दातार स्वतः त्याकडे २००१ मध्ये सुसान कल्प आणि लॅम्बर्ट यांच्याबरोबर परतले. अनेक कामं असतील तर वजन ठरवताना दोन गोष्टींची ओढाताण असते: मापांचा एकत्रित रोख कंपनीला हवा त्या दिशेला असणं, आणि त्यातला नशिबाचा भाग कमी असणं. एक माप नवीन घातलं की बाकी सगळ्यांची वजनं पुन्हा काढावी लागतात, हा त्यातला मला सर्वांत उपयोगी वाटलेला निष्कर्ष. एचआरमध्ये उलट चालतं. सुरक्षेचं माप आलं, त्याला १० द्या, इतरांतून थोडं थोडं कापा, झालं.

दिशा चुकली तर नेमकेपणा घातक ठरतो, याचं मोठं उदाहरण वेल्स फार्गो ही अमेरिकी बँक. एका ग्राहकाला किती उत्पादनं विकली, हे माप. बँकेच्या कर्मचाऱ्याच्या मेहनतीने ते हलतं, मोजायला सोपं, त्यात नशीब थोडं. बँकर-दातार कसोटीवर ते उत्तम उतरेल. दबावाखाली कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलर दंड झाला, सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांना आधीच काढलेलं होतं, आणि सीईओ जॉन स्टम्फ यांना ४.१ कोटी डॉलरच्या शेअर-हक्कांवर पाणी सोडावं लागलं.

आकड्यातच हात घालणं ही आणखी वेगळी गोष्ट. पॉल हीली यांनी १९८५ मध्ये ९४ अमेरिकी कंपन्यांच्या बोनस योजना पाहिल्या, ज्यांत नफ्याची खालची आणि काहींत वरची मर्यादा होती. नफा दोन मर्यादांच्या मध्ये असला की व्यवस्थापक अ‍ॅक्रुअलच्या (रोख हलण्याआधी किंवा नंतर धरलेल्या जमाखर्चाच्या) निवडीतून तो फुगवताना दिसले. वरची मर्यादा ओलांडली असेल, किंवा खालची गाठणं शक्यच नसेल, तर नफा दाबून पुढच्या वर्षासाठी राखताना. आपल्याकडे ३१ मार्चच्या रात्री गेटबाहेर पडणारे ट्रक आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत येणारा माल पाहिलेल्या कुणालाही हे नवीन नाही. म्हणून बोनसच्या सूत्रात पायरी ठेवू नका. ९९ टक्क्यांना शून्य आणि १०० टक्क्यांना पूर्ण, असं असलं की सगळी बुद्धी त्या एका टक्क्यात खर्च होते. सरळ चढती रेघ ठेवा.

नियामकांनी यातलं थोडं उचललं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खासगी बँकांच्या सीईओंच्या एकूण मोबदल्यात निदान निम्मा भाग व्हेरिएबल असावा लागतो, तो फिक्स पगाराच्या ३०० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, त्यातला किमान ६० टक्के भाग पुढे ढकलून तीन वर्षं किंवा जास्त काळात द्यावा, आणि कर्जं बुडीत निघाली तर रोखून धरण्याची वा परत घेण्याची तरतूद हवी. ढकलण्याचा तर्क सोपा आहे. कर्जवाटपाचा आकडा वाटलं त्या वर्षी मेहनतीबद्दल फार कमी सांगतो. तीन वर्षांनी वसुली दिसल्यावर बरंच सांगतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७ मधली निव्वळ नफ्याच्या ११ टक्क्यांची एकूण मर्यादा मात्र वेगळ्या जातीची आहे. ती किती द्यायचं यावर बोट ठेवते, कशासाठी द्यायचं याबद्दल गप्प.

दातारांना हा विषय टेबलाच्या दुसऱ्या बाजूनेही भेटला. ते अनेक वर्षं नोव्हार्टिस या स्विस औषध कंपनीच्या संचालक मंडळावर होते. २०१३ च्या सुरुवातीला निवृत्त होणारे अध्यक्ष डॅनिएल वासेला यांनी प्रतिस्पर्ध्यांकडे जाऊ नये म्हणून सहा वर्षांत ७.२ कोटी स्विस फ्रँकपर्यंत देण्याचा करार बाहेर आला, ओरड झाली आणि तो रद्द करावा लागला. काही दिवसांतच, ३ मार्च २०१३ ला, स्विस मतदारांनी सुमारे ६८ टक्के मतांनी वरिष्ठांच्या पगारावर भागधारकांचं बंधनकारक मत आणलं. काहीही न करण्यासाठीचा पैसा कुठल्याच संवेदनशीलतेच्या सूत्रात बसत नाही. पगाराचे आकडे गणिताइतकेच लोकांना काय उचित वाटतं यावरही ठरतात, आणि अकाउंटिंगच्या सिद्धांतात त्यासाठी जागा कमी आहे. ही या शाखेची उणीव, एकट्या दातारांची नव्हे.

त्यांचं बाकीचं काम थोडक्यात. महेंद्र गुप्ता यांच्याबरोबरचा १९९४ चा उत्पादन-खर्चावरचा निबंध कॉस्टिंगवाल्याने जरूर वाचावा: खर्चवाटपाची पद्धत अर्धवट सुधारली तर चुका वाढूही शकतात, कारण आधीच्या चुका एकमेकींना खोडत होत्या. एबीसी (अ‍ॅक्टिव्हिटी-बेस्ड कॉस्टिंग, म्हणजे कामांनुसार खर्चवाटप) बसवायला निघालेल्या प्रत्येक सल्लागाराला तो द्यावा. २०१० मध्ये डेव्हिड गार्विन आणि पॅट्रिक कलन यांच्याबरोबर एमबीए शिक्षणावर पुस्तक लिहिलं. आणि हॉर्नग्रेन यांचं मूळ १९६२ चं जाडजूड कॉस्ट अकाउंटिंगचं पुस्तक आता दातार आणि माधव राजन चालवतात. त्यातलं शेवटचं प्रकरण कामगिरीचं मोजमाप आणि मोबदला यावर आहे. वेळ संपतो म्हणून सगळे सोडतात तेच.

तुमची सुरुवात त्या प्रकरणापासूनच करा. मग थेट १९८९ चा निबंध घेऊ नका, लॅग्रांज मल्टिप्लायर आणि लाइकलिहूड रेशो येत नसतील तर तिसऱ्या पानावर अडकाल. आधी २००१ चा वाचा. त्यात रेषीय करार आणि नॉर्मल वितरण धरलं आहे, बारावीचं कॅल्क्युलस आणि थोडं मॅट्रिक्स पुरतं. त्यानंतर मागे जा.

प्रकल्पासाठी भारतातली माहिती वाटते तितकी दुर्मीळ नाही. कलम १९७(१२) मुळे सूचीबद्ध कंपन्यांना प्रत्येक संचालकाच्या मोबदल्याचं कर्मचाऱ्यांच्या मध्यम (मीडियन) पगाराशी गुणोत्तर वार्षिक अहवालात द्यावं लागतं. खासगी बँकांच्या बासेल पिलर ३ च्या (बँकांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतल्या) खुलाशांत व्हेरिएबल पे आणि ढकललेला भाग वेगळा दिसतो. दहा खासगी बँका घ्या, २०१९ च्या सूचनांआधीची आणि नंतरची वर्षं घ्या, आणि सीईओचा व्हेरिएबल पे नफ्याबरोबर हलतो की बुडीत कर्जांबरोबर, एवढंच तपासा. प्रवर्तक-कुटुंबांच्या कंपन्या पहिल्या प्रकल्पात नकोत. तिथे व्यवस्थापक आणि मालक एकच असतो, पगार हा लाभांश घेण्याचा दुसरा मार्ग असू शकतो, आणि वरचं सगळं गणित त्या घरात लागू पडत नाही.